डावखुरे घाव

एकोणपन्नासाव्या दिवसाची पूजा अकराला होती.
आम्ही साडेनऊलाच पोचलो,
त्यानंतरची बस थेट एकची.

कमानीच्या आत पर्सिमनची झाडं, पानं झडलेली.
शेंड्याला चार-पाच फळं मुद्दाम राखलेली,
मॅगपाय पक्ष्यांचा वाटा.
आईनं मान वर करून मोजली.
म्हणाली, "यंदा कमी ठेवलीत."

अंगणात दोन दगडी पगोडे.
तेराशे वर्षं समोरासमोर उभे
आणि एकमेकांशी अक्षर बोलत नाहीत,
जसे बाबा आणि माझा भाऊ ग्यू-हो,
शेवटची नऊ वर्षं.

ग्यू-हो आला होता. उल्सानहून, रात्रपाळी करून,
जहाजांच्या कारखान्यातले बूटसुद्धा न बदलता.
लांब, तिकिटाच्या खिडकीपाशीच थांबला होता.

बाबा पाथरवट.
चढली की सांगायचे, "पूर्वेचा पगोडा मी बांधलाय."
उतरली की सांगायचे, "एक दगड.
जोत्याचा. फुटला होता त्याच्या जागी."

तेव्हा मी सात वर्षांची.
अख्खा पगोडा उतरवून गवतावर मांडलेला,
दगडादगडावर खडूचे आकडे,
कुणाचं तरी बिऱ्हाड हलत असावं तसा.
परत रचला तेव्हा बाबांचा दगड
पांढराफटक दिसायचा,
म्हाताऱ्या तोंडात बसवलेल्या नव्या दातासारखा.
गाव हसलं.
बाबा म्हणाले, "थांबा जरा. दगडफुलाला वेळ लागतो."

तीस वर्षं झाली.
मी जोत्याभोवती तीनदा फिरले.
प्रदक्षिणा समजून एका बाईनं हात जोडले मला.
मी नुसती शोधत होते.
सगळे दगड करडे, सगळ्यांवर तेच
हिरवट, पिवळट, खरबरीत दगडफूल.
तेराशे वर्षांचे आणि तीस वर्षांचा,
आता एकाच वयाचे.

टाकीचे घाव सोसले की दगडाचा देव होतो म्हणतात.
याचा नाही झाला.
याचं जोतं झालं.
वरच्या तिन्ही मजल्यांना
त्याचं नाव विचारायचं कधी सुचलं नसेल.

भोवती दोरी होती. पाटी होती: हात लावू नये.
रबरी चपलांतला तरुण भिक्खू, हे-उन त्याचं नाव,
झाडू घेऊन तिथेच उभा.
त्यानं आईच्या केसांतली पांढरी फीत पाहिली,
मग आमच्याकडे पाठ केली
आणि अंगणाचा असा कोपरा झाडायला घेतला
जिथे एकही पान नव्हतं.

आई दोरीखालून आत गेली, उकिडवी बसली.
चष्मा काढून खिशात ठेवला.
मिटल्या डोळ्यांनी तळहात फिरवत राहिली,
सोयाबीनचे ढेप आतून वाळलेत का
हे ती दर हिवाळ्यात बघते, तसा.
पहिला दगड नाही. दुसरा नाही.
तिसऱ्यावर थोडी घुटमळली.
चौथ्यावर हात थांबला.
"हा."

"कशावरून?"

"बाकीच्यांचे घाव उजवीकडून उतरतात.
याचे डावीकडून."
मग जरा वेळानं,
"चमचा डाव्या हातात धरला म्हणून
लहानपणी फार मार खाल्लाय त्यांनी.
हातोडा कुणी सोडवला नाही."

बुटांचा आवाज आला.
ग्यू-हो दोरी ओलांडून आईशेजारी टेकला.
उजवा हात दगडावर ठेवला.
काढून घेतला.
मग डावा ठेवला,
वेल्डिंगच्या ठिणग्यांनी ठिपके पडलेला,
ज्या हातानं जेवतो म्हणून
बाबांनी त्याला मारलं होतं.

आत लाकडी ठोकळा वाजू लागला.
मी म्हणाले, "चला, अकरा झाले."

आई हलली नाही.
"किती गार पडलाय," म्हणाली,
आणि दुसरा हातही ठेवला.